गच्चीवरच्या चौतीस डब्यांची व्यवस्था

मी, विनोदिनी मारोतराव वैरागडे, वय बहात्तर, अविवाहित, जलसंसाधन खात्यातून निवृत्त झालेली वरिष्ठ लिपिक, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी मुद्दाम उलटे लिहिले असते. हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये जे सांगितले ते ऐकून घेतले. या वयात शस्त्रक्रिया करायची नाही असे मी ठरवले आहे. तेव्हा हा कागद वेळेत झालेला बरा. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. हे घर आमच्या वडिलांनी बांधले. त्यांच्या वाटणीपत्राप्रमाणे खालचा मजला माझा धाकटा भाऊ नरेंद्र याचा आणि वरच्या दोन खोल्या व गच्ची माझी. माझा हिस्सा मी नरेंद्रची मुलगी दीक्षा हिला देते. अट काही नाही. तिला गच्चीवर पत्रे ठोकून खोली काढायची असेल तर काढावी. मला ते आवडणार नाही, पण तेव्हा मला विचारणारही कोणी नसेल.

२. बँकेतील ठेवही दीक्षाची. तिचे नाव आधीच लावलेले आहे.

३. गच्चीवर आजमितीस चौतीस डबे आहेत. त्यांतला एकही विकत घेतलेला नाही, हे मी अभिमानाने नोंदवते. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, मासळीची थर्माकोलची खोकी, आणि निवडणूक संपल्यावर लोकांनी टाकून दिलेल्या फ्लेक्सच्या शिवलेल्या पिशव्या. (नेत्याचा चेहरा आतल्या बाजूला ठेवावा. माती धरतो.) खत घरातल्या सालींचे, पाणी तांदूळ धुतलेले. दीक्षाने एकदा बंगळूरहून फोन केला होता, "बुआ, ऑनलाइन ग्रो बैग मँगा लो ना, सस्ते में मिलते हैं." मी नको म्हटले तरी तिने पाठवल्या. त्यांत मी कांदे ठेवते.

एवढ्या जागेत, वीस बाय पंधरा फुटांत, मी सव्वीस वर्षे लाल भाजी, वांगी, टमाटे, मिरची, दोडके आणि वाल काढला. कोथिंबीर विकत आणल्याचे मला आठवत नाही. ज्याला चालवायचे असेल त्याने एकच गोष्ट पाळावी. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की पानांवर काळी भुकटी बसते, ती रोज सकाळी धुवावी. त्यासाठी होळीची पितळी पिचकारी आहे. ती वडिलांची, ती दीक्षाला.

४. खुरप्या दोन होत्या. एक शेजारी श्यामराव ढोक यांनी २०१६ साली दोन दिवसांसाठी नेली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा वकिलांचा सल्ला आहे, म्हणून त्यांना मी ती देत नाही. ती त्यांनी घेतलेली आहे. उरलेली खुरपी आणि लोखंडी घमेले नत्थूभैयाला द्यावे. भंगाराच्या गाडीवरून त्याने माझ्यासाठी जितके डबे बाजूला काढले, तितके सख्ख्या माणसाने काढले नसते.

५. नरेंद्रला मी काही ठेवत नाही. त्याच्यासाठी फक्त एक खुलासा आहे. नरेंद्र, तुमच्या टाकीचा पाईप चांगला होता. कारण पुढच्या कलमात आहे.

६. जुलै २०११ मध्ये नरेंद्रची बायको ज्योती वर आली. तिच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती. ती म्हणाली, "ताई, तुमच्या डब्यांचं पाणी माह्या चुलीवर पडून राहिलं. तो निळा पिंप जरा सरकवा ना." निळ्या पिंपात आईचा वाल होता, नुकताच दोरीवर चढू लागलेला. मी म्हटले, "माह्या गच्चीवर मले शिकवू नको. तुमच्याच टाकीचा पाईप फुटला असन." त्यांनी पाईप बदलला. ओल राहिली. ज्योती त्यानंतर वर आली नाही आणि मी खाली गेले नाही. भाऊबीज नरेंद्र जिन्यात उभ्या उभ्या करून जातो. पावसाळ्यात ज्योती चुलीजवळ जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले, ठेवायची आणि त्यात थेंब पडलेला मला जिन्यापर्यंत ऐकू यायचा. मी तो ऐकला नाही असे बारा पावसाळे धरून चालले.

एप्रिल २०२३ मध्ये माती बदलायला नत्थूभैया आला. पिंप सरकवला तर खाली कोबा विरघळलेला, हातभर भेग, आणि आतली सळई गंजून लाल झालेली. नत्थूभैया वाकून बघत म्हणाला, "दीदी, पानी तो इही मेर ले जावत हे." म्हणजे पाणी इथूनच खाली जात होते. मी त्याला म्हटले, हे कोणाला सांगायचे नाही. खालची मंडळी नागपूरला लग्नाला गेली होती, ते चार दिवस साधून मी गवंडी बोलावला आणि भेग बुजवली. त्या पावसाळ्यात खाली ओल आली नाही. ज्योती नरेंद्रला म्हणत होती की देवाची कृपा झाली. मी जिन्यात होते. तेव्हाही मी तोंड उघडले नाही.

आयुष्यभर मी पाटबंधाऱ्यांच्या गळतीच्या फायली सांभाळल्या. दुसऱ्यांच्या अभियंत्यांना जाब विचारणारी पत्रे माझ्या हातची असत. माझ्या स्वतःच्या गळतीची फाइल मी चौदा वर्षे दाबून ठेवली. याची मला लाज वाटते. ज्योतीला हे मी मेल्यावर कळावे म्हणून या कलमात लिहिले.

७. वालाचे बी. आमची आई विमला हिने हे बी लग्नात वर्ध्याकडून पदराच्या गाठीत आणले. इथल्या वालापेक्षा, सेमीपेक्षा, याची शेंग रुंद, कडेला जांभळी. जाताना आई म्हणाली होती, "तू अन् ज्योती, दोघी पेरा." मी एकटीनेच पेरला. दर गुरुवारी मी दोरीला थैली बांधून भाजी खाली सोडते, भांडणानंतरही सोडत आले. शेंगा मात्र कोवळ्याच पाठवल्या, दाणा भरायच्या आत तोडून, म्हणजे तिला बी मिळू नये. इतका हलकटपणा मी दुसऱ्या कशात केलेला नाही. थैली दर वेळी रिकामी परत यायची. धुऊन, वाळवून, घडी घालून यायची. त्याबद्दल मी कधी काही म्हटले नाही, पण गुरुवारची मी वाट बघायचे.

<s>सदर बी राखेत घातलेले, काचेच्या बाटलीत, मी ज्योती नरेंद्र वैरागडे हिला देते.</s>

<s>८. माझ्यामागे गच्चीचे काय करायचे ते दीक्षाने ज्योतीला विचारून ठरवावे.</s>

वरील दोन्ही ठिकाणची खाडाखोड माझीच आहे. कारण लिहिते.

दुसरे साक्षीदार म्हणून आमच्या कार्यालयातल्या निवृत्त मॅडम यायच्या होत्या. आज सकाळी त्यांचा गुडघा धरला. श्यामराव चष्मा लावून तयार बसले होते. म्हणाले, "खाली तुमची भावजय आहे नं. तिलेच बलवा." आज गुरुवार. थैलीत वांग्यांवर चिठ्ठी ठेवली: साक्षीदार हवा आहे, वर येशील का. आणि दोरी सोडली.

थैली परत आली नाही. ज्योती आली. कठड्याला धरून, दम खात. तिचे केस पांढरे झालेत, हे मी वरून पाहत होते, पण समोरून पाहिले नव्हते. ती म्हणाली, "कायले बलावलं? कायचा कागद करून राहिल्या?" मी सांगितले. तिने विचारले, "याच्यात माह्यं नाव आहे काय?" मी हो म्हटले. श्यामरावांनी लगेच वकिली सुरू केली की नाव असेल तर सही नको, उद्या कोणी शंका काढेल. माझ्यापुढे दोन मार्ग होते. दुसऱ्या दिवशी दुसरा साक्षीदार शोधायचा, किंवा तिचे नाव खोडायचे. आणि खोडले की मेल्यावर तिला काही मिळणार नव्हते, म्हणजे जे द्यायचे ते जिवंतपणीच द्यायला लागणार होते. शिवाय वालाचे बी दोन वर्षे उगवते, तिसऱ्या वर्षी निम्मेच. ते माझ्या मरणाची वाट पाहत बसणार नाही.

मी खोडले. मग सहावे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवले. मध्ये श्यामरावांनी पाणी दिले. सातवेही वाचले, कोवळ्या शेंगांसकट.

ज्योती उठली आणि खाली निघून गेली. श्यामराव म्हणाले, "आता ती काही येत नाही." मलाही तसेच वाटले.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात तो जर्मनचा गंज होता. टेबलावर ठेवला. बुडाला चुन्याचे पांढरे वळ आणि मधोमध करंगळी जाईल एवढे भोक. म्हणाली, "बारा वर्षं याच्यात तुमचं पाणी झेललं, ताई. आता भोक पडलं. माह्या कामाचा नाही राहिला, तुमच्या कामाचा आहे. फुकटच आहे, घ्या." मग पेन मागितले.

सबब, तिसऱ्या कलमातील डब्यांची संख्या चौतीसऐवजी पस्तीस वाचावी. सातव्या कलमातील बाटली आज हातोहात ज्योतीच्या स्वाधीन केली. तो विषय या मृत्युपत्रापुरता संपला. वाल जूनमध्ये पेरायचा, पहिले चार दाणे त्या गंजात. मी तोवर नसले तर ज्योतीने पेरावेत. असले तर दोघींनी.

स्वाक्षरी: विनोदिनी मारोतराव वैरागडे

वरील स्वाक्षरी आमच्यासमोर झाली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: श्यामराव ढोक (खुरपी उद्या आणून देतो.)
साक्षीदार २: ज्योती नरेंद्र वैरागडे

ठिकाण: गच्ची, चौबे कॉलोनी, रायपूर
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार