डिझेलची गाडी पेट्रोलवाल्याच्या नावे

मी, विश्वनाथ तुकाराम आरेकर, वय वर्षे एकोणसाठ, धंदा डिझेल मेकॅनिक, मूळ राहणार पालशेत, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम राबिघ, सौदी अरेबिया, आणि सध्या जेद्दाच्या इस्पितळात खाटेवर उताणा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे. येत्या रविवारी डॉक्टर मंडळी ती उघडून आतल्या नळ्या बदलणार आहेत. उघडलेले प्रत्येक इंजिन पुन्हा सुरू होतेच असे नाही, हे मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक आहे. म्हणून हे मृत्युपत्र मी कोणाच्याही धाकाने नव्हे, नशापाणी करून नव्हे (ते या देशात मिळतही नाही), तर राजीखुशीने करीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला फुरसत नव्हती.

कलम १. पालशेतचे घर, परसातली कलमे, विहीर व तिच्यावरचा पंप, तसेच बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी सौ. किशोरी हिचे. बँकेतला आकडा तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, तेव्हा तो येथे लिहीत नाही. विहिरीवरचा पंप डिझेलचा आहे. मी गेल्यावर तो काढून विजेचा बसवू, असे शेजारीपाजारी तिला सांगतील. तिने ऐकून घ्यावे आणि त्यांना चहा द्यावा, पंप देऊ नये. माझ्या राबिघच्या गाडीला ती सवत म्हणते. फोन केला की आधी "सवत कशी आहे?" असे विचारते आणि मग माझी चौकशी करते. पुढे सवतीची हकीकत येणार आहे, ती तिने न चिडता वाचावी.

कलम २. मुलगी अपेक्षा पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या पैशाने गाडी घेतली, ती विजेची. टाकी नाही, धूर नाही, आवाज नाही. मिक्सरला चाके लावल्यासारखी ती गाडी. ही बातमी कळली तेव्हा मी आणि माझा पेट्रोलवाला दोस्त उमाकांत आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूचे झालो होतो. तरीही माझी पान्यांची मोठी पेटी मी अपेक्षालाच देतो. ती फोनवर म्हणाली, बाबा, मी त्याचं काय करू? पोरी, गाडी कशावरही चालो, नटबोल्ट प्रत्येकीला असतात.

कलम ३. चुलतभाऊ रोशन याने मागच्या सुट्टीत माझा टॉर्क पाना नेला. नट किती घट्ट करायचा हे मोजून सांगणारा तो नाजूक पाना आहे. रोशनने त्याने कुंपणाचे खांब ठोकले आणि "मजबूत आहे हां तुझा पाना" असे म्हणून परत आणून दिला. तो पाना मी रोशनलाच ठेवतो. त्याने तो घरात दर्शनी भिंतीवर टांगावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगावे. माझ्या तेराव्याला त्याला जरूर बोलवावे, मात्र शेवटच्या पंगतीला बसवावे.

कलम ४. माझे बरेवाईट झाल्यास मला गावी न्यावे. त्यासाठी दूतावासाचे कागद, इस्पितळाचे कागद, पोलिसांचे कागद, असे दारोदार फिरावे लागते. ते फिरण्याचा अधिकार मी उमाकांत बाबर यास देतो, कारण समोरच्याचे डोके खाल्ल्याशिवाय तो कोणाचे दार सोडत नाही. विमानतळापर्यंत मला नेणारी गाडी डिझेलवरची असावी. विमानाबद्दल मी चौकशी केली. त्यात रॉकेलच्या जातीचे इंधन घालतात म्हणे. रॉकेल हे डिझेलच्या भावकीतले, तेव्हा विमानाला माझी हरकत नाही.

कलम ५. आता मुख्य मिळकत, म्हणजे माझी पिकअप गाडी. ही पाच माणसांची, मागे लांबरुंद हौदा असलेली मोठी अमेरिकन गाडी असून तिच्यात डिझेल इंजिन आहे. कागदोपत्री ती माझे कफील, म्हणजे येथले मालक व जामीनदार, अबू झयान यांची, कारण माझा इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवानाही, त्यांच्याच नावावर चालतो. इंजिन जाम होऊन बसले तेव्हा ते ती भंगारात काढायला निघाले होते. मी म्हटले, मला द्या. मी ते पूर्ण खोलून बांधले. तेव्हापासून गाडी वापरायची मी आणि माझ्यामागे मी सांगेन त्याने, असा अबू झयान यांचा शब्द आहे. काल ते भेटायला आले तेव्हा त्यांनी तो पुन्हा दिला, आणि वर खजुराचा डबाही दिला. डबा डॉक्टरांनी काढून घेतला.

उमाकांत ज्ञानू बाबर, मूळचा विट्याचा, हा पेट्रोलचा मेकॅनिक. आम्ही एकाच विमानाने आलो, राबिघच्या कॅम्पात एकाच खोलीत राहिलो आणि पहिल्याच आठवड्यात भांडलो. त्याचे म्हणणे असे, की हा देश पेट्रोलचा, गाडी पेट्रोलचीच हवी. आवाज करत नाही, लगेच उचलते, पार्ट स्वस्त, आणि तुझ्या डिझेलचे इंजेक्टर गेले तर जमीन विकावी लागते. माझे म्हणणे असे, की पेट्रोलच्या इंजिनाला दर फेरीला ठिणगी लावून द्यावी लागते, जसे काही सासऱ्याच्या घरी जावयाला पुन्हापुन्हा जेवायला बोलवावे. डिझेल आपल्या दाबाने आपण पेटते. ओझे ओढायचे तर डिझेलनेच.

अबू झयान यांच्याकडे तेव्हा दोन्ही गाड्या होत्या. डिझेलची मी सांभाळायचो, पेट्रोलची उमाकांत. एका ईदेला उंट वर ताइफला पोचवायचे होते. अबू झयान म्हणाले, दोन्ही गाड्यांना ट्रेलर लावा, जी चांगली घाट चढेल ती ठेवतो, दुसरी विकतो. उमाकांत आधी पोचला. हे मी आजवर नाकारलेले नाही. पण तो पोचला तेव्हा त्याची टाकी कोरडी, बॉनेट उघडे आणि उंट रागाने थुंकत होता. मी मागून आलो तो माझा उंट झोपलेला होता. अबू झयान यांनी दोन्ही उंट पाहिले, दोघांची तोंडे पाहिली आणि खलास म्हणून एकही गाडी विकली नाही. निकाल लागलाच नाही, म्हणून भांडण टिकले.

पुढे उमाकांत जेद्दाला अल अझीझियात गॅरेजवर गेला. पण दर शुक्रवारी तो राबिघला माझ्या हातचे सुरमईचे कालवण खायला आणि भांडायला येतो. डिझेलचा भाव वाढला तेव्हा त्याने बसबुसा, म्हणजे इकडची रव्याची मिठाई, वाटला होता. अजूनही ते पेट्रोलपेक्षा स्वस्तच आहे, हे येथे नमूद करतो.

कलम ६. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी कालवण उकळत असताना माझ्या छातीत कळ आली. उमाकांत त्या दिवशी बसने आला होता, कारण त्याची पेट्रोलची गाडी बंद पडली होती (हेही नमूद). त्याने मला उचलून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकले आणि जेद्दाचा रस्ता धरला. टाकीत डिझेल थोडेच होते. वाटेत पंप दिसला तशी त्याने गाडी आत घातली आणि पोऱ्याला ओरडून सांगितले, यल्ला, फुल कर. डिझेलचा पंप मागे, ट्रकच्या रांगेत होता. पण जन्मभर ज्याने पेट्रोलच भरले त्याचे हात गाडी कुठे उभी करणार? आणि पेट्रोलची नळी डिझेलच्या गाडीच्या तोंडात अलगद बसते. उलटे सहसा होत नाही, डिझेलची नळी जाड असते. पेट्रोल हे असे आगाऊच असते.

मला वास आला. पैसे देऊन तो किल्लीला हात घालणार, इतक्यात मी उठून बसलो.

"किल्ली फिरवू नकोस," मी म्हटले.

"अरे, मरशील तू."

"मी मेलो तर एकटा मरेन. तू किल्ली फिरवलीस तर इंजिनही मरेल."

डिझेल इंजिनातल्या इंधनपंपाला वंगण डिझेलचेच असते. पेट्रोल गेले की आतले लोखंड लोखंडाला खाते. हे त्याला सांगावे लागले नाही. त्याने नळीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा असा उतरला, की क्षणभर छातीतली कळ मी विसरलो. मग तो रस्त्यात आडवा उभा राहिला. एका अनोळखी कुटुंबाने त्यांच्या चिमुकल्या गाडीत आम्हांला घेतले. मुले दाटीवाटीने बसली, माझे डोके उमाकांतच्या मांडीवर. ती गाडी पेट्रोलची होती. चालू आहे की बंद तेही कळत नव्हते, एवढीच माझी तिच्याविरुद्ध तक्रार आहे. मी जिवंत पोचलो तो पेट्रोलवर पोचलो. हे वाक्य मी एकदाच लिहीत आहे, पुन्हा कोणी विचारू नये.

कलम ७. हे कलम सर्वांनी नीट वाचावे, किशोरी आणि अपेक्षा यांनी तर दोनदा.

त्या दिवसापासून उमाकांत भांडत नाही. माझ्या गाडीची टाकी त्याने स्वतः उतरवून धुतली, नळ्या धुतल्या, फिल्टर बदलले. रोज संध्याकाळी मऊ भाताचा डबा घेऊन येतो आणि खुर्चीवर गप्प बसतो. परवा मी मुद्दाम खाजवून खरूज काढली. म्हटले, काही म्हण, डिझेल ते डिझेलच. तो म्हणाला, "हो."

त्या एका "हो"ने मला जी धडकी भरली ती अँजिओग्राफीनेही भरली नव्हती.

माझ्या डॉक्टर स्मृती गोतमारे या अमरावतीच्या. त्या मला काका म्हणतात आणि सिगारेटवरून बापासारख्या रागावतात. त्यांनी मला सांगितले, की उमाकांत त्यांना बाहेर गाठून म्हणाला, याला काही झाले तर तो मी मारला असे समजा. मी त्यांना सरळ विचारले, पंपावर जो वेळ गेला त्याने काही बिघडले का? त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या नळ्या कित्येक वर्षं भरत होत्या. त्या खोळंब्याने काहीही फरक पडलेला नाही. मी त्यांना तीनदा सांगितलं. ते नुसती मान हलवतात."

म्हणून मी पूर्ण शुद्धीवर जाहीर करतो, की माझा मृत्यू झाल्यास तो माझ्या सिगारेटींनी, माझ्या खाण्याने आणि माझ्या बापाकडून आलेल्या छातीने झाला असे समजावे. उमाकांत बाबर याचा त्यात काडीचाही दोष नाही. उलट त्यानेच मला उचलले. कोणी त्याला बोल लावला तर त्याने हे कलम त्याच्या तोंडावर वाचावे. आणि त्याने स्वतःच स्वतःला बोल लावला, तर मेल्या, मी भूत होऊन तुझ्या गॅरेजच्या प्रत्येक गाडीत डिझेल ओतीन. सहसा जात नाही म्हटले ना? मी घालीन.

कलम ८. सदर डिझेल पिकअप मी उमाकांत ज्ञानू बाबर यास ठेवतो. अटी पुढीलप्रमाणे. तिच्यात पेट्रोलचे इंजिन बसवू नये. दर शुक्रवारी ती सुरू करून तापू द्यावी, थंडीत घाई करू नये. पहिल्यांदा तिच्यात इंधन भरताना त्याच पंपावर, मागच्या रांगेत, ट्रकवाल्यांच्या मध्ये उभे राहावे. आणि डिझेल चांगले, असे तोंडदेखले कधीही कोणाजवळ म्हणू नये. त्याने पेट्रोलचीच बाजू घ्यावी आणि मोठ्याने घ्यावी. ही अट मोडल्यास गाडी रोशनला जाईल. तो तिच्यात कोंबड्या पाळील.

कलम ९. गुहागरच्या आमच्या वकिलांना मी फोन केला होता. ते म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, पुढे त्याच्या वाट्यावर पाणी पडू शकते. म्हणून पहिली साक्ष डॉक्टरांची घेतली आहे आणि दुसरी जागा कोरी ठेवली आहे. रात्रपाळीला आपल्याकडचा कोणी ब्रदर आला की त्याची सही घेईन. तोवर आधीची पाने उमाकांतला वाचायला दिली आहेत. तो वाचताना त्याच्याकडे बघवत नाही, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडलो आहे आणि ही शेवटची ओळ तशीच वाकडी लिहीत आहे.

सही: विश्वनाथ तुकाराम आरेकर

साक्षीदार १: आरेकर काकांनी हे माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत लिहून सही केली. कलम ७ मधले माझे म्हणणे बरोबर आहे. कलम ३ शी माझा संबंध नाही.
सही: डॉ. स्मृती गोतमारे

साक्षीदार २: मी उमाकांत ज्ञानू बाबर, राहणार विटा, हल्ली अल अझीझिया, जेद्दा. वरचं सगळं वाचलं. वकिलाचं म्हणणंही वाचलं, म्हणूनच या जागी सही करतोय. पाणी पडू दे वाट्यावर. विशू, गाडी मला नको. मला भांडायला तू पाहिजेस. रविवारी गप गुमान आत जायचं आणि गप गुमान बाहेर यायचं. बाकी डिझेलबद्दल वर जे काही लिहिलंय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं आहे.
सही: उ. ज्ञा. बाबर

ठिकाण: जेद्दा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार