खारवणीच्या भिंतीचे लिंपण काढू देणेबाबत

प्रति,
मा. संवर्धन अधिकारी,
ऐतिहासिक इमारती विभाग,
जिल्हा परिषद, ईस्ट विथर, डेव्हन.

विषय : विथरकूम फार्म येथील स्वयंपाकघराच्या एका भिंतीचे लिंपण काढू देणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. २९ जानेवारी १९७९.

महोदय,

आमचे शेतघर चारशे वर्षांचे असून माती-पेंढ्याच्या भिंती व गवती छपरामुळे संरक्षित यादीत आहे, हे मला मान्य आहे. वरच्या अंगाला माणसे, उताराला गुरे, मध्ये बोळ, ही रचना मी कॉलेजात कौतुकाने अभ्यासली होती. तेव्हा मी तीत राहत नव्हते.

चुलीशेजारच्या भिंतीला लागून पिढ्यानपिढ्या डुकराचे मांस मिठात मुरवले गेले. त्याचे खारवणी, म्हणजे मिठाचे पाणी मातीने पिऊन घेतले. आता हवा दमट झाली की भिंत ते ओकते. तपकिरी, चिकट, कुजक्या चरबीच्या वासाचे. आजेसासऱ्यांनी उपाय म्हणून हातभर उंचीपर्यंत डांबर फासले, तर ओल त्याच्या वर चढून नेमकी उभ्या राहू लागलेल्या मुलाच्या तोंडाशी फुटली. आपल्या पत्रानुसार ते डांबरही आता संरक्षित इतिहासात जमा आहे.

घरात ऊब तेवढ्याच खोलीत. त्यामुळे माझी अकरा महिन्यांची नेल तिथेच असते. ती भिंत धरून उभी राहते आणि चाटते. वासरासारखी, जीभ भरून. ओढून काढली की टाहो फोडते. तोंडात फोड आले आहेत, जुलाब थांबत नाहीत. सासूबाई म्हणतात, "अगं, आमची सगळी पोरं हीच भिंत चाटून वाढली. तुझ्या पुस्तकात नसेल ते!"

आपण पाहणीस आलात तेव्हा मला आशा होती. आपण भिंतीला बोट लावून चाखलेत आणि सासूबाईंना म्हणालात, "वा, बाई! अस्सल जुनं मीठ!" त्या वेळी नेल आपल्या पायाशीच चाटत होती. आपण तिला ओलांडून गेलात, आणि दारातून मला बजावलेत, "भिंत पुसत जाऊ नका हं, लिंपण सुटेल."

तरी जमिनीपासून छातीपर्यंतचे लिंपण काढून नवा चुना लावण्यास परवानगी द्यावी. न मिळाल्यास सोमवार, दि. १९ रोजी सकाळी मी ते स्वतः खरवडणार आहे. तो गुन्हा ठरतो, हे जाणून. आपण जरूर यावे. येताना पोलीस आणावेत किंवा घमेले.

आजवर आपली नम्र,
टॅम्सिन हेक्सटल
विथरकूम फार्म, दि. ९ फेब्रुवारी १९७९

सोबत : डॉक्टरांचा दाखला, भिंतीचे पाणी, एक बरणी (खिडकी उघडून मगच झाकण काढावे).