जायला सव्वा तास, यायला सव्वातीन

५ एप्रिल
आईनं तिकिटाचा फोटो पाठवलाय. बोलोन्याहून ७.४० ला सुटणार, इथं इयाशला १०.५५. म्हणजे सव्वातीन तास. खाली परतीचं — २२ तारीख, इथून ६ ला, तिकडं ७.१५. म्हणजे सव्वाच तास!
विमान तेच, आकाश तेच. इटलीकडं उतार आहे का काय?
आणि परतीचं कशाला? नाताळात फोनवर म्हणाली होती, आता येईन ती कायमची. सहा वर्षं झाली, तिकडं कुणाच्या तरी म्हातारीला सांभाळते.

६ एप्रिल
शेजारच्या पेत्रूला विचारलं. वर्गात पहिला असतो.
"अगं बावळट स्मरांडा, अंतर तेराशे किलोमीटर. जाताना येताना दोन्हीकडं सव्वादोन तासच. तिथलं घड्याळ आपल्यामागं तासभर."
"मग तो तास जातो कुठं?"
"जात नाही. येताना गेलेला जाताना परत मिळतो."
कुणाला मिळतो? मला तर सहा वर्षांत एकही नाही मिळाला. डोकं उठलं.

९ एप्रिल
करून बघितलं. आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढं केलं. आजोबा चर्चला जाऊन बंद दारासमोर पायरीवर बसले.
"गधडे, पाद्रीबाबा अजून पायमोजे शोधत होते!" मग काटा मागं घेत स्वतःच हसले. "तुझ्या आईनंही हेच केलं होतं. तुझ्याएवढीच होती."

१३ एप्रिल
आई आली. मला लाल पट्ट्याचं घड्याळ आणलंय. मी लगेच भिंतीवरचं बघून लावलं. तिच्या मनगटावर बारा, भिंतीवर एक.
"लाव की बरोबर."
"आठ-नऊ दिवसांसाठी कशाला?"
कळायचं ते कळलं.

१६ एप्रिल, ईस्टर
अंड्यावर अंडं आपटायचं, फुटलं तो हरला. मी लाकडाचं रंगवून ठेवलं होतं. आजोबांची चार फुटली. आईनं माझं हातात घेऊन जोखलं आणि गुपचूप खिशात टाकलं.
आजोबा म्हणाले, "दोरीना, पोर तुझीच गं. तुझ्याजवळच हवी."
म्हटलं, आता तरी राहते म्हणेल. आई टरफलं गोळा करायला लागली.

१८ एप्रिल
आई आंघोळीला गेली तेव्हा तिचं घड्याळ पुढं केलं. तिनं मागं केलं. जेवणानंतर मी परत पुढं. तिनं परत मागं.

२० एप्रिल
आई शाळेत जाऊन माझे गुण घेऊन आली. गणितात दहापैकी चार. ओरडलीच नाही. कागदावर शिक्का बसला का तेवढं बघितलं. आईला झालंय काय?
आजोबा सकाळपासून माझे बूट चमकवतायत.
"कशाला?"
"मळलेत म्हणून."
मळलेले तर कायमच असतात.

२१ एप्रिल
उठले. माझं घड्याळ एक तास मागं. मी हात लावला नव्हता. त्याखाली तिकीट — स्मरांडा, उद्या, ६ वाजता.
स्वयंपाकघरात गेले. आजोबांचं घड्याळ बरोबर चाललंय. आता बरोबरच चालणार, पुढं करायला मी नसणार.