अकोल्याची एजंटी

१ फेब्रुवारी १९३८, अमरावती
आमची भाग्यवर्धिनी इन्व्हेस्टमेंट कंपनी अकोल्यात शाखा काढणार. एजंट मीच. फक्त मालक खुशालरावसाहेबांनी तसं बोलून दाखवायचं राहिलंय. बारा वर्षांत माझी एकही रजा नाही. रुख्मिणी म्हणते, तुमी मागितली होती, त्यायनंच देल्ली नाही. बायकोला फरक कळत नाही.

३ फेब्रुवारी
देवीदास कारकुनानं पाकिटावर पत्ता चुकवला. साहेबांनी त्याची खुर्ची काढून घेतली. आमच्याकडे तशी पद्धतच आहे: चूक झाली की पंधरा दिवस उभ्यानं काम. त्याचे पाय सुजतात. मला म्हणाला, किसनराव, साहेबाले तुमीच सांगा, तुमचं आयकतात ते. ऐकतात, हे खरंच आहे. उद्या बोलतो.

४ फेब्रुवारी
बोललो नाही. साहेबांची मर्जी ठीक नव्हती. उभ्यानं पचन सुधारतं, असं देवीदासला सांगितलं. तो हसला नाही.

८ फेब्रुवारी
परवा नागपूरहून संपादक येणार. ‘वऱ्हाडातील आदर्श कंपनी’ म्हणून लेख. त्यांच्यासमोर देवीदासचा विषय हळूच काढायचा. ठरलं.

१० फेब्रुवारी
संपादक आले. तेवढ्यापुरती देवीदासला खुर्ची मिळाली. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हे आमचं कुटुंब. संपादकांनी मला विचारलं, इथे काही उणं आहे का? देवीदास माझ्याकडे बघत होता. साहेबही. मी म्हणालो, इथे इतकं सुख आहे की दुसरीकडे कुठे जावंसंच वाटत नाही. टाळ्या पडल्या. संपादकांचा टांगा वळला आणि खुर्ची परत माडीवर गेली. वाईट वाटलं. अकोल्याला गेल्यावर साहेबांना सविस्तर पत्र लिहीन.

१४ फेब्रुवारी
देवीदास नोकरी सोडून गेला. जाताना मला नमस्कार केला नाही. अकोल्याला न्यायची भांडी पोत्यात बांधायला घेतली.

१६ फेब्रुवारी
लेख आला. माझं वाक्य ठळक अक्षरांत! अकोल्याला मात्र साहेबांचे मेहुणे जाणार. साहेबांनी तेच वाक्य मला वाचून दाखवलं. म्हणाले, तुमचं मन मोडून तुम्हाला तिकडे कसं धाडू? मी आभार मानले. मानता मानता तोंडून ‘पण’ निघालं.
खुर्ची गेली.

१९ फेब्रुवारी
भांडी पोत्यातून काढली. रुख्मिणी म्हणाली, घरातबी उभे काहून राहून राहिले, बसा ना. पाय सुजलेत. पचन होतं तसंच आहे. साहेबांशी कोणीतरी बोलायला हवं. देवीदास असता तर बोलला असता.