दोन खाचांचं कार्ड

प्रिय रक्षा,

तू अजून तुमसरच्या राइस मिलच्या ऑफिसात आहेस, एवढं तुझ्या वहिनीकडून कळलं. नंबरही तिनं दिला होता, पण फोन लावायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे.

लाखांदूरचं आपलं कॉम्प्युटरचं दुकान चालू आहे. आता दुरुस्ती कमी, ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्सच जास्त. मागच्या आठवड्यात उषाबाई आल्या, आपल्याला गणित शिकवायच्या त्या. त्यांचा जुना कॉम्प्युटर ऑटोत घालून आणला होता. भंगारात द्यायचा, पण त्याआधी त्यांना तो आतून बघायचा होता. मी तो उघडला आणि शेजारी आपण ज्यावर शिकलो तो पहिला मदरबोर्ड आणि एक नवा बोर्ड मांडला. बाई कार्ड बसवायच्या एकेका स्लॉटवर बोट ठेवून विचारत गेल्या. सगळ्यात जुना आयएसए, काळा, लांबलचक. मग पांढरा, आखूड पीसीआय. मग तपकिरी एजीपी, फक्त डिस्प्ले कार्डासाठी. आणि नव्या बोर्डावरचा पीसीआय एक्सप्रेस, त्यातला सगळ्यात छोटा तर अंगठ्याच्या पेराएवढा. बाई म्हणाल्या, "वाट लहान झाली अन् काम जलद होऊन राहिलं, हे कसं काय?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता गं. दोन दिवस वाचत बसले. जुन्या स्लॉटात पुष्कळ तारा एकाच वेळी मिळून माहिती नेतात, आणि सगळ्यांनी एकदमच पोचायला हवं. धानाच्या रोवणीला बाया एका ओळीत मागे सरकतात ना, तसं. एक मागे राहिली की सगळी ओळ थांबते. वेग वाढवला की कुणीतरी मागे राहणारच. नव्यात तारा मोजक्याच, पण त्यांची प्रत्येक जोडी आपापल्या चालीनं धावते, दुसरीची वाट बघत नाही. शिवाय पीसीआयची सगळी कार्डं एकच रस्ता पाळीपाळीनं वापरायची, आता प्रत्येकाला स्वतंत्र रस्ता. बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी हे सांगितलं, तर त्या वर्गात बसल्यासारख्या ऐकत होत्या. मग सहज विचारलं, "मंग माझा काहून जळला होता?"

हो, हा तोच कॉम्प्युटर. २००३ चा. रक्षानं डिस्प्ले कार्ड तिरपं बसवलं म्हणून बोर्ड जळला, असं मी तेव्हा त्यांच्यासमोर बोलले होते. मग गिऱ्हाइकं तुझ्या हातात काम द्यायला कचरू लागली, आणि तीन महिन्यांत तू दुकान सोडलंस.

ते कार्ड अजून आतच होतं. मी ते बाईंसमोर काढलं. एजीपीच्या कार्डाला खाच असते, जास्त व्होल्टेजची एका जागी, कमीची दुसऱ्या जागी, चुकीच्या व्होल्टेजचं कार्ड स्लॉटात शिरू नये म्हणून. या कार्डाला दोन्ही खाचा होत्या, म्हणून ते कुठंही बसलं असतं. चिपवरची धूळ पुसून नंबर शोधला. ती ३.३ व्होल्टची जुनी चिप होती आणि बोर्ड फक्त दीड व्होल्टचा. तिरपं बसवण्याचा प्रश्नच नव्हता. सरळ बसवलं म्हणूनच जळला. आणि ते कार्ड नागपूरहून मी आणलं होतं, दाबून बसवलंही मीच. तुझ्या हातात तर नुसती टॉर्च होती. हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मले कायले सांगतेस? तिले सांग."

म्हणून हे पत्र. खाचांचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, हे खरं आहे, पण त्याआड मला लपायचं नाही. कार्ड जुनं दिसते, थांब, असं तू म्हणाली होतीस. मला ऐकूच आलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. रक्षा, मला ऐकू आलं होतं.

तू मानलंस तर तुझीच,
कामिनी