शिवेवरचा मुक्काम

सोमवार, ७ जुलै

आले एकदाची. आणि चक्क खूश आहे. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं, म्हणून तारीख टाकून लिहून ठेवते.

नवी नोकरी, पहिलं काम. आमच्या पर्यटन ॲपसाठी मजकूर लिहायचा: चाकण परिसरात दोन दिवसांची ऐतिहासिक सहल, कुठे राहाल, काय खाल, काय पाहाल. आमचे रणजीत सर पिंपरीच्या ऑफिसात एसीत बसून म्हणाले, चाकणला इतिहास आहे म्हणे, शोधून काढ. म्हणे! संग्रामदुर्ग किल्ला सरांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तिथे उभा आहे. पण चाकण म्हटलं की लोकांना कंपन्या, कंटेनर आणि ट्रॅफिकच आठवतं. ठरवलंय, असं लिहायचं की वाचणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.

मुक्कामाची सोय कंपनीनेच केली आहे. चाकणच्या अलीकडे एका कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून सोपानराव आणि शालनबाईंचा तीन मजली बंगला आहे. जमिनी गेल्या, पैसे आले, बंगला झाला. जिन्याला काचेचे कठडे, गॅलरीत जांभळे दिवे, फाटकावर स्टीलचे दोन घोडे. मला हसू आलं, पण खोली लख्ख आहे. शालनमावशींनी आल्या आल्या गरम कापण्या दिल्या. आखाड हाय, तळण झालं पायजे म्हणाल्या. बशी रिकामी होईपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

अंगणात लिंबाखाली पत्र्याची छोटी शेड आहे. तिच्यात गुडघ्याएवढा लाकडी गाडा, खरी चाकं, ओढायला दोरी. आत शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवीचा गोल दगड, हिरव्या बांगड्या, लिंबं. मरीआईचा गाडा, असं सोपानकाका म्हणाले. इतकं सुंदर काम मी संग्रहालयातसुद्धा पाहिलेलं नाही.

रुपालीला फोन केला. धाकटी बहीण, दिघीला पीजीत राहते, भोसरीत कंपनीत आहे. पुढच्या गुरुवारी सुट्टीला इकडेच ये म्हटलं. आई गेल्यापासून तिचं सगळं मीच बघते, आणि फुकटची खोली आमच्या नशिबात पुन्हा कधी येणार?

मंगळवार, ८ जुलै

संग्रामदुर्ग पाहिला. छप्पन दिवस लढलेल्या किल्ल्याच्या तटावर कुणा प्रज्वलने बदामात बाण मारून स्वतःचं नाव कोरलंय. सापडला असता तर त्याच्याच कपाळावर कोरलं असतं. तरी बुरुजावर उभं राहिल्यावर राग निवला. मग चक्रेश्वराचं देऊळ. उद्या राजगुरुनगर, हुतात्म्यांचं जन्मस्थान.

भीमराज नावाचा रिक्षावाला ठरवून टाकलाय. परभणीचा, म्हणजे आमच्या लातूरच्या शेजारचा. भाड्यावरून त्याने अजिबात घासाघीस केली नाही, उलट मीच केली. दुपारी बाजाराजवळच्या खानावळीत त्याला समोर बसवून जेवू घातलं. मटकीची आमटी, भाकरी, कच्चा कांदा. खानावळवाल्या छबूबाई स्वतः वाढतात आणि मागून घेतलं नाही तर रागावतात. माझ्या जातकुळीची बाई. मजकुरात ही खानावळ पहिली.

गुरुवार, १० जुलै

आज डोकं फिरलं.

सकाळी शालनमावशींना विचारलं, गाडा किल्ल्यावर नेऊन फोटो काढू का? मला वाटलं, देवाची वस्तू म्हणून नको म्हणतील. त्यांचा चेहरा उजळलाच. ने की पोरी, म्हणाल्या, पर आपल्या हातानं वढत ने, आन् ठेवशील तिथं ठेवून ये, मागं बघू नगं. मला वाटलं, म्हातारीची थट्टा. फाटकापर्यंत ओढत नेला, मग रेनकोटात गुंडाळून रिक्षात ठेवला.

फोटो अप्रतिम आले. पण कुणाच्या घरची वस्तू बुरुजाखाली टाकून यायची? गावागावांतून जुनी भांडी, जुने देव उचलून आपल्या हॉलमध्ये मांडणाऱ्या शहरी लोकांचा मला संताप येतो, आणि तेच मी करू? जसा नेला तसा परत आणला. वाटेत खड्ड्यात रेनकोट सरकला आणि भीमराजने गाडा पाहिला. कचकन ब्रेक. तो म्हणाला, ताई, आमच्याकडं हा शिवेवर सोडतात, रोगराई गावाबाहेर जावी म्हणून. परत कुणी आणत नसतं. मी त्याला झाडलं. रिक्षावर ‘विज्ञान युगाचा राजा’ लिहितोस आणि हे काय, म्हटलं.

घरी आले तर मावशी फाटकातच उभ्या. गाडा पाहिला आणि मट्कन खालीच बसल्या. सोपानकाका दोन पावलं मागे सरकले. थँक्यू सोडा, दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चोरी केली. प्रामाणिकपणाची ही किंमत.

शनिवार, १२ जुलै

कालपासून जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवतात. दार वाजवतात आणि मी उघडेपर्यंत जिना उतरून जातात. हा पाहुणचार? ॲपवर एकच तारा देणार आहे.

त्यात छबूबाईंची खानावळ बंद. परवा रात्री रागाने तिथेच जाऊन जेवले होते. शेजारचा म्हणाला, बाईंना उलट्या-जुलाब, नातीलाही. आठवडाभर राबून मजकुरात पहिला नंबर द्यावा आणि त्यांनी आजारी पडावं! हे लिहिलं आणि लगेच लाज वाटली. राहू दे, खोडत नाही.

चक्रेश्वरापाशी ज्या फुलवालीकडून परवा संध्याकाळी हार घेतला, तिची जागाही रिकामी.

भीमराज फोन उचलत नाही.

सोमवार, १४ जुलै

भीमराज गेला.

फोन त्याच्या बायकोने उचलला. ती रडत नव्हती. मला विचारत होती की ताई, तुम्ही बऱ्या आहात ना? शुक्रवारपर्यंत धडधाकट होता हो, म्हणाली. फोन ठेवला आणि सरळ खाली जाऊन सोपानकाकांना गाठलं.

ते दहा हात लांब उभे राहिले. मी पुढे झाले तर ते मागे सरकले. आणि मग बोलले, सगळं, अगदी शांतपणे. पूर्वी आखाडात गाव गाडा ओढत पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचं. ते गाव त्याच्या पुढच्या. मग पुढचं गाव कंपनीत गेलं, माणसं पांगली, भिंत आली. गाडा इथंच अडला. दोन भाऊ गेले माझे, म्हणाले, सून गेली. घेनारं कुनी ऱ्हायलंच न्हाई, आमी काय करावं?

म्हणून खोल्या काढल्या. म्हणून पाहुणे. बाहेरच्या माणसाने आपल्या हाताने न्यावा आणि सोडावा, मग मरीआई तिथली होते.

आणि परत आणला तर?

तर आई गाड्यात ऱ्हात न्हाई, म्हणाले. आननाऱ्यात ऱ्हाती.

मी हातातला तांब्या फेकून मारला. लागला नाही. दोन भिंतींपलीकडे ऐकू जाईल इतकं ओरडले. अरे, मला न सांगता? छबूबाईंची नात कोण लागत होती तुमची? भीमराज? त्यांनी मान खाली घातली, पण पाय मागेच घेत राहिले.

मंगळवार, १५ जुलै

काल मी ओरडत असताना सोपानकाकांनी आणखी एक सांगितलं, ते लिहायला हात धजत नव्हता. परके नुसते मरतात. माझ्यातून ती बाहेर पडायची तर माझ्या रक्ताच्या माणसाकडेच जाईल. माझा हात त्याच्या हाताला लागला की मी मोकळी, ही वास्तू मोकळी. घेऊन जाईल ते माणूस आपल्या वाटेने. आपल्या वाटेने!

रक्ताचं माणूस मला एकच आहे.

रुपालीला फोन केला. येऊ नको, म्हटलं. आलीस तर तंगडी मोडीन. ती हसली. बॉस पुन्हा बोलला वाटतं, म्हणाली. शपथ घातली, शिव्या घातल्या, रडलेसुद्धा असते पण रडायला आलं नाही. ती म्हणाली, अक्का, तू चिडलीस म्हणजे बरी आहेस.

रणजीत सरांना सांगितलं की ही जागा ॲपवरून काढा. फोटो छान आहेत म्हणाले, मजकूर कालच टाकला.

बुधवार, १६ जुलै

पहाटे निघाले. माणसं नसतील तिथे जाऊन बसायचं. तोंडाला ओढणी बांधून, रस्त्याच्या कडेने, कुणाला न शिवता.

शीव शोधत होते. आहे कुठे? चाकण संपायच्या आत पुढची वस्ती. पत्र्याच्या खोल्या, चहाच्या टपऱ्या, शिफ्टच्या बसची वाट बघणारी पोरं. शेत म्हणून वळले तर तिथेही प्लॉटिंगचे खांब आणि वॉचमनचं बिऱ्हाड. त्याची बाई पाणी घेऊन धावली. मी तिच्यावर खेकसले तेव्हा थांबली. बिचारी घाबरली.

कासारवाडीपर्यंत गेले असते तरी हेच. एका गावाच्या पोटात दुसरं. सोडायला जागाच ठेवलेली नाही कुणी. ज्यांनी आखलं त्यांचं वाटोळं होवो.

परत आले. एवढ्या मुलखात माझ्यापासून लांब पळणारी माणसं फक्त याच घरात आहेत.

कडी लावली. फोनमध्ये बॅटरी नाही. चार्जर खोलीत नाही — काढून नेलाय.

गुरुवार, १७ जुलै

दुपार असावी. ताट आलं नाही.

खाली शालनमावशी फोनवर बोलत होत्या. मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून नव्हे, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून. बहीन लई आजारी हाय तुजी. डोळं उघडंना. ये बाई, घेऊन जा तिला. रुपालीचा नंबर पाहुण्यांच्या वहीत मीच लिहून दिला होता.

मी आजारी नाही! मला साधी शिंकसुद्धा — जिवंत जाळीन, थेरडे —

गुरुवार, नंतर

फाटक वाजलं.

तिचा आवाज. अक्का कुठेय, कुठेय अक्का. मावशी म्हणतायत, वर हाय, वर.

जिन्यावर. तिच्या सँडलचा आवाज —

दाराशी आहे. अक्का म्हणतेय. ओरडले तर म्हणेल बरी आहे, उघड. गप्प राहिले तर दार मोडेल. काय करू? काय करू मी?

ओरडले. चालती हो म्हटलं. मेलीस म्हणून समजेन म्हटलं.

हसतेय. रडत रडत हसतेय. देवा, आवाज आला गं बाई तुझा, म्हणते.

मी गप्प बसते आता. एकदम गप्प. जाईल.

जात नाही. अक्का, अक्का, अक्का. सोपान्या काहीतरी देतोय तिला. दाराशेजारच्या खिडकीला —

काच फुटली.

तिचा हात आत आलाय. कडी चाचपतोय. रक्त येतंय तिला, वेडी पोर, कापून घेतलं. मी लांब आहे. पलंगावर आहे. इथून हलणार नाही, काही झालं तरी —

मी उभी कशी? मी उठले नाही. मी उठलेच ना