गेटसमोरचा उतार

मंगळवार, संध्याकाळ. रोडपाली.

तळमजल्यावरच्या काकू आज आमच्या गेटसमोर घसरून पडल्या. पाय मुरगळला. एक चप्पल उतारावरच राहिली. गाड्या आत घ्यायला सोसायटीने फुटपाथ तोडून केलेला तो उतार. सोसायटीने कसला, मीच मागे लागले होते. माझी नवी गाडी खाली घासत होती ना!

मीटिंगमध्ये एकट्या काकू म्हणाल्या होत्या, "हितून मानसं चालतात." मी हसत म्हटलं होतं, "काकू, जरा जपून चालायचं." झालं, विषय संपला.

आज उचलायला गेले, तर मलाच समजावतायत, "तू बोललेलीस जपून चाल. माजंच ध्यान नवतं, बाय." तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. का नाही बोलले? चप्पल तेवढी आणून त्यांच्या पायाशी ठेवली.

रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जायच्या. आता म्हणतात, "नाय चालवत माज्यानं. उद्या तुज्या गाडीनं सोडशील?" मी लगेच हो म्हटलं. किती पटकन! जणू तेवढ्याने फिटलं.

म्हणजे उद्या काकूंना शेजारी बसवून मी त्याच उतारावरून गाडी काढणार. आणि ती जराही घासणार नाही.